मराठीच्या आधाराने चिनी व्याकरण : एचएसके परीक्षेची तयारी

चिनी भाषेत क्रियापद बदलत नाही. त्याला लिंग, वचन, पुरुष, काळ यांपैकी कशाचाही प्रत्यय लागत नाही. नामाला विभक्ती नाही आणि विशेषणाला नामाशी जुळवून घ्यावे लागत नाही. 'गेलो, गेली, जाते, जाईन' या सगळ्यांसाठी 'छ्यू' हे एकच रूप असते. त्यामुळे सुरुवातीला विद्यार्थ्याला वाटते, की या भाषेला व्याकरण जवळजवळ नाहीच. पुढे एचएसकेच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीची प्रश्नपत्रिका हातात आली, की सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्य जुळत नाही. मराठी जे काम प्रत्ययांकडून करून घेते, ते चिनी भाषा शब्दांच्या जागेवर आणि मोजक्या लहान शब्दांवर सोपवते. चिनी व्याकरण सुधारायचे म्हणजे या दोन गोष्टी पक्क्या करायच्या.

वसई-विरार पट्ट्यात चिनी शिकणारे बहुतेक जण प्रौढ वयात सुरुवात करतात. कोणाला चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणाला जायचे असते. कोणाचा वालीव, सातिवली किंवा गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना असतो आणि साचे, यंत्रे, सुटे भाग चीनहून मागवताना दर वेळी दुभाष्यावर अवलंबून राहणे परवडत नाही. कोणाला भाषांतराचे काम हवे असते. शाळेत ही भाषा शिकायला मिळणे दुर्मीळच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरासाठी परकीय भाषांची जी उदाहरणे दिली, त्यांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत, चिनी नाही. म्हणजे चिनीशी ओळख होईपर्यंत इंग्रजी व्याकरणाची चौकट डोक्यात घट्ट बसलेली असते. त्यात पाठ्यपुस्तकांतली स्पष्टीकरणेही बहुधा इंग्रजीतच असतात. विद्यार्थी मनातले वाक्य आधी इंग्रजीत करतो आणि मग त्याचे चिनी करायला बसतो. परीक्षेतल्या चुकांचा मोठा भाग इथे जन्माला येतो, कारण वाक्यरचनेच्या अनेक महत्त्वाच्या बाबतींत चिनी भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत मराठी वा इंग्रजी आणि लोकलमध्ये हिंदी बोलणाऱ्या वसईकराला एका रचनेतून दुसरीत जाण्याची सवय असतेच. ती सवय इथे जाणीवपूर्वक वापरावी.

पुढील उदाहरणांत चिनी शब्द देवनागरीत लिहिताना पिनयिन या चिनीच्या रोमन लेखनपद्धतीतल्या अक्षरांशी ताळा राखला आहे, म्हणजे बी, डी, जी या अक्षरांसाठी ब, द, ग वापरले आहेत. त्यांचे खरे उच्चार प, त, क यांच्या जवळचे आहेत. स्वरभेद दाखवलेले नाहीत.

परीक्षा व्याकरण कुठे तपासते

एचएसके म्हणजे 'हान-यू श्वेय-फिंग खाओ-श', चिनी भाषेच्या पातळीची परीक्षा. सहा पातळ्यांच्या रचनेत पहिल्या दोन पातळ्यांना लेखन नसते. तिसऱ्या पातळीच्या ८० प्रश्नांपैकी १० लेखनाचे असतात आणि त्यांतल्या ५ प्रश्नांत विस्कटलेल्या शब्दांचे वाक्य लावायचे असते. चौथ्या पातळीत १०० पैकी १५ प्रश्न लेखनाचे : १० वाक्ये लावायची, ५ वाक्ये चित्र आणि दिलेला शब्द पाहून लिहायची. याच पातळीच्या वाचन-विभागात १० प्रश्न असे असतात, की तीन वाक्यांश योग्य क्रमाने मांडायचे असतात. तेही उभयान्वयी अव्ययांचे व्याकरणच. पाचव्या पातळीत वाक्ये लावण्याचे ८ प्रश्न आणि सुमारे ८० अक्षरांचे दोन लहान उतारे. सहाव्या पातळीत वाचन-विभागाचे पहिले १० प्रश्न चार वाक्यांतले चुकीचे वाक्य ओळखण्याचे असतात, आणि अनेक चांगले विद्यार्थी तिथेच अडतात.

२०२१ मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयाने तीन टप्पे आणि नऊ पातळ्या असलेली नवी मानके लागू केली. त्यांत व्याकरणाचे ५७२ मुद्दे पातळीनुसार दिले आहेत : पहिल्या पातळीला ४८, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीला प्रत्येकी ८१, चौथीला ७६. ज्या पातळीची परीक्षा द्यायची, त्या पातळीची यादी समोर ठेवून कोणता मुद्दा येतो आणि कोणता अडतो याच्या खुणा करणे, ही तयारीची सर्वांत चांगली सुरुवात. अर्ज भरण्याआधी चालू अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा नमुना अधिकृत ठिकाणी पाहून घ्यावा. जुन्या आणि नव्या रचनेची पुस्तके बाजारात एकत्रच मिळतात.

वाक्याचा क्रम

'मी रोज सकाळी सात वाजता वसई स्टेशनवर मित्राला भेटतो.' या वाक्यात आधी कर्ता, मग वेळ, मग स्थळ येते. वेळेतही मोठे एकक आधी आणि लहान नंतर. चिनी वाक्य नेमके याच वाटेने जाते : वो (मी) – मेय-थ्येन (रोज) – जाओ-शांग (सकाळी) – छी द्येन (सात वाजता) – जाय वसई जान (वसई स्टेशनवर) – ज्येन (भेटतो) – फंग-योउ (मित्राला). फरक फक्त शेवटी आहे, क्रियापद कर्माच्या आधी आले. इंग्रजी वाक्यात स्थळ आणि वेळ शेवटी जातात. इंग्रजीवरून भाषांतर करणारा विद्यार्थी ती दोन्ही शेवटी टाकतो आणि गुण गमावतो.

इथून एक कामाचा नियम निघतो. 'मुंबईत, पुण्याहून, आईसाठी, मित्राबरोबर, त्याच्याकडे' असे शब्दसमूह मराठी वाक्यात क्रियापदाच्या आधी बसतात, चिनीतही तिथेच बसतात. मात्र मराठी प्रत्यय नामाच्या नंतर लागतो आणि चिनी शब्द नामाच्या आधी उभा राहतो : जाय (–त), त्सोंग (–हून), गेय (–साठी, –ला), गन (–बरोबर), द्वेय (–शी, –बद्दल). समूहाची जागा तीच राहते, फक्त खूण आधी येते.

मराठी दगा देते ती नकाराच्या आणि 'पाहिजे, हवे, शकणे' यांच्या जागेबाबत. मराठीत हे सगळे वाक्याच्या शेवटी असते : 'मी मुंबईत काम करत नाही.' चिनीत नकार क्रियापदाच्या आधी येतोच, शिवाय स्थळाच्याही आधी जातो : वो बू जाय मंग-माय गोंग-ज्वो. 'बू' थेट 'गोंग-ज्वो'ला चिकटवणे ही मराठी विद्यार्थ्याची नेहमीची चूक. तसेच 'आपण सगळ्यांनी त्याच्याकडून शिकायला हवे' याचे चिनी रूप वो-मन दोउ यिंग-गाय श्यांग था श्युए-शी असे होते. 'दोउ' (सगळे) आधी, मग 'यिंग-गाय' (हवे), मग 'श्यांग था' (त्याच्याकडून) आणि शेवटी क्रियापद. कर्ता, वेळ, क्रियाविशेषण, सहायक क्रियापद, स्थळ-व्यक्तीचा समूह, क्रियापद, पूरक (क्रियेचा परिणाम, दिशा वा रीत सांगणारा भाग), कर्म : हा क्रम भिंतीवर लावून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे. वाक्ये लावण्याच्या प्रश्नांपैकी बरेचसे याच्या बळावर सुटतात.

'आहे' आणि त्याची चार रूपे

पहिल्या पातळीवर सुरू होऊन चौथीपर्यंत टिकणारी चूक 'आहे'ची. मराठीत 'ती डॉक्टर आहे', 'ती घरी आहे', 'घरात टेबल आहे' आणि 'ती उंच आहे' या चारही वाक्यांत एकच क्रियापद चालते. चिनीत चारही वेगळी. ओळख सांगताना 'श' : था श यी-शंग. ठरावीक वस्तू किंवा व्यक्ती कुठे आहे हे सांगताना 'जाय' : था जाय ज्या. एखाद्या जागी काय आहे किंवा कोणाकडे काय आहे हे सांगताना 'योउ'. विशेषणाला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. तिथे विशेषणाआधी 'हन' येतो : था हन गाओ. या 'हन'चा अर्थ 'खूप' असला तरी अशा वाक्यात त्यावर जोर नसतो, तो फक्त जागा भरतो. 'था श गाओ' असे लिहिणारा विद्यार्थी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांच्या सवयीने चुकतो, म्हणून ही चूक मुद्दाम मोडावी लागते. नकारातही चार वाटा : बू श, बू जाय, मेय योउ, आणि विशेषणाआधी नुसते बू. रोज 'आहे' आणि 'नाही' असलेली दहा मराठी वाक्ये घेऊन प्रत्येकासमोर योग्य चिनी शब्द लिहिला, तर दोन-तीन आठवड्यांत हा गोंधळ बहुतेक संपतो.

'द' आणि नामाच्या आधीचे वर्णन

'त्याने काल घेतलेले ते मशीन बिघडले.' इंग्रजीत मशीन आधी येते आणि 'काल घेतलेले' हे वर्णन त्याच्यामागे लटकते. चिनीत मराठीसारखेच सगळे वर्णन नामाच्या आधी येते : था ज्वो-थ्येन माय द ना थाय जी-छी ह्वाय ल. शब्दशः पाहिले तर 'तो–काल–घेणे–द–ते–नग–मशीन–बिघडणे–ल'. मराठीतला '–लेला, –लेली, –लेले' हा प्रत्यय जिथे, तिथे चिनीत 'द'. 'येणारी गाडी', 'मला आवडणारे पुस्तक', 'चीनहून आलेला माल' या सगळ्यांत –णारा आणि –लेला काढून 'द' बसवावा. 'चा, ची, चे' यांची जागाही हाच 'द' घेतो. चौथ्या पातळीपुढे वाक्ये लांबतात ती बहुधा अशा वर्णनांमुळेच. लांब वाक्य समोर आले, की शेवटचा 'द' शोधावा आणि त्याच्या पुढचे नाम पकडावे. आधीचे बरेचसे त्या नामाचे वर्णन असते.

उच्चाराने सारखे पण वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे आणखी दोन 'द' आहेत. दुसरा क्रियापदाच्या आधी येतो आणि 'हळूहळू, आनंदाने, शांतपणे' अशी रीत सांगतो. तिसरा क्रियापदाच्या नंतर येतो आणि ती क्रिया कशी होते याचा शेरा देतो : था फाओ द हन क्वाय, 'तो वेगात धावतो'. या तिसऱ्याला मराठीत थेट जोड नाही. 'त्याचे धावणे वेगवान आहे' असे मनात म्हटले, की रचना लक्षात राहते. वाक्यात कर्म असेल तर क्रियापद दोनदा येते : था श्वो हान-यू श्वो द हन हाओ, 'तो चिनी छान बोलतो'. तिसऱ्या पातळीवर ही रचना पक्की झाली नाही, तर पुढची सगळी पूरके डळमळीत राहतात.

'ल' म्हणजे भूतकाळ नव्हे

चिनी व्याकरणात सर्वांत जास्त गुण खाणारा शब्द 'ल'. इंग्रजीतून शिकणारा त्याला भूतकाळाचा प्रत्यय समजतो आणि मग सगळीकडे लावत सुटतो. मराठी विद्यार्थ्याकडे याहून चांगली किल्ली आहे. 'उद्या क्लास सुटल्यावर मी लगेच जाईन' या वाक्यात क्लास सुटणे उद्याचे आहे, तरी रूप 'सुटल्यावर' असेच आहे. ते रूप काळ सांगत नाही, एक क्रिया पुरी झाल्यावर दुसरी होणार एवढेच सांगते. चिनी वाक्य मिंग-थ्येन वो श्या ल ख ज्यू छ्यू असे होते आणि त्यातला 'ल' नेमके तेच काम करतो. क्रियापदानंतरचा 'ल' क्रिया पुरी झाल्याची खूण असतो, मग ती काल झालेली असो वा उद्या होणार असो.

वाक्याच्या शेवटी येणारा 'ल' वेगळा. तो परिस्थिती बदलल्याचे सांगतो. 'श्या-यू ल' म्हणजे 'पाऊस आला', आत्तापर्यंत नव्हता. 'वो ह्वेय श्वो हान-यू ल' म्हणजे 'मला आता चिनी बोलता येते'. मराठीत 'आता' घालून वाक्य नैसर्गिक वाटत असेल, तर शेवटी 'ल' येण्याचा संभव मोठा.

'ल' कुठे येत नाही हेही तितकेच महत्त्वाचे. सवयीच्या भूतकाळात तो येत नाही. 'लहानपणी मी नेहमी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जायचो' यातल्या 'जायचो, जायची, जायचे' या रूपांना चिनीत कधीही 'ल' लावू नये. 'मेय' हा नकार असेल, तर पूर्ण झाल्याचा 'ल' गळतो : 'मी गेलो नाही' म्हणजे वो मेय छ्यू, इथेच वाक्य थांबते. आणि 'जाऊन आलोय, खाऊन पाहिलंय, वाचलेलं आहे' अशा अनुभवासाठी 'ग्वो' आहे, 'ल' नाही : वो छ्यू-ग्वो जोंग-ग्वो, 'मी चीनला जाऊन आलोय'.

परीक्षेत हमखास येणारी जोडी अशी : 'वो श्युए ल ल्यांग न्येन हान-यू' म्हणजे 'मी दोन वर्षे चिनी शिकलो' आणि ते शिकणे तिथे संपले. याच वाक्याच्या शेवटी आणखी एक 'ल' आला, की अर्थ होतो 'मी दोन वर्षे चिनी शिकतोय', शिकणे अजून चालू आहे. याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे. 'दोन वर्षे' हा कालावधी क्रियापदानंतर आला. मराठीत वेळेचा क्षण आणि वेळेचा कालावधी दोन्ही क्रियापदाआधी येतात. चिनीत क्षण आधी आणि कालावधी नंतर. 'सात वाजता' क्रियापदाआधी, 'सात तास' क्रियापदानंतर.

'ज' हा शब्द टिकून असलेली स्थिती दाखवतो. 'मन खाय ज' म्हणजे 'दार उघडे आहे', 'छ्यांग-शांग ग्वा ज ह्वा' म्हणजे 'भिंतीवर चित्र लावलेले आहे'. चालू क्रियेसाठी, म्हणजे 'जेवतोय, वाचतेय' यांसाठी, क्रियापदाआधी 'जाय' येतो. चौथ्या पातळीच्या चित्रावरून लिहायच्या वाक्यांत या दोन रचना फार उपयोगी पडतात, कारण चित्रात बहुधा कोणीतरी काहीतरी करत असते किंवा काहीतरी कुठेतरी ठेवलेले असते.

पूरके : मराठीचे मोठे देणे

इंग्रजी पाठ्यपुस्तके परिणामदर्शक आणि दिशादर्शक पूरकांवर पानेच्या पाने खर्च करतात. मराठी विद्यार्थ्याला हा भाग निम्मा आधीच येत असतो. 'शोधले' आणि 'सापडले' यांत जो फरक, तोच 'जाओ' आणि 'जाओ-दाओ' यांत. पहिल्यात प्रयत्न, दुसऱ्यात फळ. 'वाचून झाले' म्हणजे खान-वान ल. 'ऐकू आले' म्हणजे थिंग-ज्येन ल. 'ऐकू येत नाही' म्हणजे थिंग-बू-ज्येन, यात नकार क्रिया आणि परिणाम यांच्या मधोमध बसतो. 'ऐकून समजत नाही' म्हणजे थिंग-बू-दोंग. जिथे मराठीत दोन क्रियापदांची जोडी सहज तोंडात येते, तिथे चिनीत पूरक शोधावे.

दिशेच्या बाबतीत तर दोन्ही भाषांचा क्रम एकच आहे. 'घेऊन ये' म्हणजे दाय-लाय, 'घेऊन जा' म्हणजे दाय-छ्यू. 'धावत आत आला' याचे चिनी रूप फाओ-जिन-लाय : धावणे, आत, येणे. तीन शब्द आणि तिन्ही त्याच जागी. बोलणाऱ्याच्या दिशेने असेल तर 'लाय', दूर जात असेल तर 'छ्यू', हा निकषही 'ये' आणि 'जा' यांचाच. इंग्रजीतून जाणाऱ्याला हे पाठ करावे लागते. मराठीतून जाणाऱ्याने आपल्या बोलण्याकडे लक्ष द्यावे, तेवढे पुरते.

'बा' आणि 'बेय'

तिसऱ्या पातळीपासून प्रत्येक प्रश्नपत्रिकेत दिसणारी 'बा' रचना अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात कर्म क्रियापदाच्या आधी येते, म्हणजे वाक्य पुन्हा मराठीच्या वळणावर जाते : वो बा शू फांग जाय ज्वो-ज शांग ल, 'मी पुस्तक टेबलावर ठेवले'. तीन अटी मात्र पाळाव्या लागतात. कर्म ठरावीक असावे, 'कोणतेतरी एक पुस्तक' चालत नाही. क्रियापद एकटे नसावे, त्याच्यानंतर परिणाम, जागा, 'ल' असे काहीतरी हवेच. आणि नकार, 'पाहिजे', 'शकणे' हे सगळे 'बा'च्या आधी यावे : वो मेय बा शू गेय था, 'मी त्याला पुस्तक दिले नाही'. तिसऱ्या अटीवर मराठी विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतो, कारण त्याचा 'नाही' शेवटी बसलेला असतो.

'बेय' रचना कर्मणी प्रयोगाची. 'पाकीट चोरीला गेले', 'तो पकडला गेला' अशा नको असलेल्या घटनांत ती जास्त दिसते. अटी 'बा'सारख्याच, फक्त ज्याच्यावर क्रिया झाली तो आधी आणि करणारा 'बेय'नंतर.

वाक्य लावण्याचा एक प्रश्न जवळून पाहू. दिलेले तुकडे : फांग जाय / ना बन शू / छिंग नी / ज्वो-ज शांग / बा. पहिले काम म्हणजे खूण शोधणे, इथे 'बा' आहे, म्हणून त्याच्यानंतर कर्म येणार. कर्म म्हणजे 'ना बन शू', ते पुस्तक. 'फांग जाय' म्हणजे '–वर ठेव', त्याच्यानंतर जागा हवी, ती 'ज्वो-ज शांग'. उरला 'छिंग नी', 'कृपया तू', तो सुरुवातीला. वाक्य तयार : छिंग नी बा ना बन शू फांग जाय ज्वो-ज शांग. अर्थ पूर्ण समजण्याआधीच रचना उलगडली. परीक्षेत वेळ वाचतो तो अशाच ठिकाणी.

मोजण्याचे शब्द, प्रश्न आणि तुलना

संख्या आणि नाम यांच्या मध्ये चिनीत मोजण्याचा शब्द सहसा लागतो. मराठीला ही कल्पना परकी नाही. माणसे 'तीन जण' असतात, वसईच्या बाजारात केळ्यांचा घड आणि फणी वेगळी, पालेभाजीची जुडी, विड्याच्या पानांची कवळी. चिनीत मात्र हे जवळजवळ सगळ्या नामांना लागू आहे : पुस्तकाला 'बन', सपाट वस्तूला 'जांग', लांबट वस्तूला 'थ्याओ', वाहनाला 'ल्यांग', यंत्राला 'थाय'. 'हा' आणि 'तो' यांच्यानंतरही तो शब्द सहसा येतो, हे विसरले जाते. नवा शब्द वहीत उतरवताना एकटा न लिहिता 'एक'सह त्याचा मोजण्याचा शब्द जोडूनच लिहावा. मागाहून वेगळी यादी पाठ करणे व्यर्थ आहे.

प्रश्नरचनेत अडचण फारशी नाही. वाक्याच्या शेवटचा 'मा' म्हणजे मराठीतला शेवटचा 'का'. 'काय, कोण, कुठे' हे शब्द उत्तर जिथे येईल तिथेच राहतात. दोन्ही एकत्र येत नाहीत एवढे पाळावे.

तुलनेत 'बी' हा शब्द 'पेक्षा'चे काम करतो : वसई बी मंग-माय आन-जिंग, 'वसई मुंबईपेक्षा शांत आहे'. इथे विशेषणाआधी 'हन' लावला की वाक्य चूक. 'खूप शांत' म्हणायचे तर विशेषणानंतर 'द-द्वो', 'थोडे शांत' म्हणायचे तर 'यी-द्यार'. मराठीत हे 'खूप' आणि 'थोडे' आधी येतात, म्हणून इथे मुद्दाम सराव लागतो.

जोडीची अव्यये

'जर–तर', 'जरी–तरी', 'जितका–तितका' अशा जोड्या मराठीत जागोजागी आहेत. चिनीतही रू-ग्वो–ज्यू, स्वेय-रान–दान-श, युए–युए अशा जोड्या चालतात. चौथ्या पातळीवर वाक्यांश क्रमाने लावताना एक अर्धा दिसला, की दुसरा शोधायचा. मराठी माणसाला हे अंगवळणी असते. चूक होते ती जागेची. 'जर पाऊस आला तर मी जाणार नाही' यात 'तर' हा 'मी'च्या आधी आहे. चिनीत 'ज्यू' कर्त्यानंतर येतो : रू-ग्वो श्या-यू, वो ज्यू बू छ्यू. 'ज्यू', 'त्साय', 'दोउ', 'ये' (सुद्धा) हे चारही शब्द कर्त्यानंतर आणि क्रियापदाच्या आधीच बसतात. त्यांना वाक्यांशाच्या सुरुवातीला ठेवणे ही मराठीची छाप आहे.

'ज्यू' आणि 'त्साय' यांतला भेद मराठीत छान सांगता येतो. 'तो आठला आलासुद्धा', म्हणजे लवकर : था बा द्येन ज्यू लाय ल. 'तो आठला कुठे आला', म्हणजे उशिरा : था बा द्येन त्साय लाय. दुसऱ्या वाक्यात 'ल' नाही, आणि प्रश्नपत्रिकेत नेमका हाच मुद्दा विचारला जातो.

अभ्यासाची रीत

'एचएसके स्टँडर्ड कोर्स' ही बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठाच्या प्रकाशनाची मालिका परीक्षेच्या पातळ्यांप्रमाणे लावलेली आहे. ल्यू श्यून यांचे 'न्यू प्रॅक्टिकल चायनीज रीडर' व्याकरण अधिक सावकाश उलगडते. दोन्हींपैकी एकच पुस्तक मुख्य ठेवावे. व्याकरणाच्या स्पष्टीकरणाशेजारी पेन्सिलने मराठी समांतर वाक्य लिहिण्याची सवय लावावी. पुस्तकात एखाद्या रचनेसाठी तीन परिच्छेद इंग्रजी असेल आणि समासात 'सुटल्यावर' हा एकच शब्द असेल, तरी उजळणीच्या वेळी उपयोगी पडेल तो समासातलाच.

चुकांची वही वेगळी असावी आणि ती पाठांनुसार न ठेवता चुकांच्या जातीनुसार ठेवावी : नकाराची जागा, 'ल' जास्तीचा, 'ल' राहिलेला, कालावधीची जागा, 'हन' तुलनेत, 'ज्यू' आधी गेलेला. प्रत्येक नोंदीत चुकीचे वाक्य, बरोबर वाक्य आणि ती चूक मराठीमुळे झाली की इंग्रजीमुळे, हे लिहावे. तीन-चार सराव प्रश्नपत्रिका झाल्यावर दिसते, की बहुतेक गुण दोन-तीन जातींतच जात आहेत. मग उरलेला वेळ त्या जातींनाच द्यावा. सगळे व्याकरण पुन्हा पहिल्या धड्यापासून वाचण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो वेळखाऊ ठरतो.

विरार ते चर्चगेट हा लोकलचा प्रवास दीड तासाच्या आसपासचा असतो. गर्दीत वही उघडता येत नाही, पण कान मोकळे असतात. धड्याचे ध्वनिमुद्रण ऐकून वाक्य मनात पुन्हा म्हणावे आणि त्यातला क्रियापदाआधीचा समूह कोणता, नंतरचा कोणता, हे ओळखावे. बसायला जागा मिळाली तर वाक्यांच्या पट्ट्या उपयोगी पडतात : एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला चिनी. नियम लिहिलेल्या पट्ट्यांपेक्षा पूर्ण वाक्यांच्या पट्ट्यांचा फायदा जास्त होतो, कारण परीक्षेत वाक्यच मागतात.

बोलण्याचा सराव व्याकरणासाठीही लागतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे चिनी शिकले आणि त्या भाषेत रुग्णांशी बोलू लागले, वैद्यकाचे वर्गही घेऊ लागले. भाषा त्यांनी कामातून उचलली. आज वसईत बसून तसा परिसर मिळत नसला, तरी जे वाचले ते मोठ्याने पुन्हा सांगणे शक्य असते. रोज एका उताऱ्याचा आशय न पाहता चिनीत सांगावा, तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकताना चुकांची वही समोर ठेवावी. बोलताना 'ल' आणि नकाराची जागा बरोबर येऊ लागली, की लिहिताना ती सहसा चुकत नाही. व्यापारासाठी शिकणाऱ्यांनी पुरवठादाराला पाठवायचे खरे संदेश सरावाला घ्यावेत : 'मागच्या महिन्यात पाठवलेले सुटे भाग अजून पोहोचलेले नाहीत' या एका वाक्यात वर्णनाचा 'द', 'मेय' आणि पूरक असे तिन्ही येतात.

शेवटचे दोन आठवडे नवे काही न शिकता वेळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. चौथ्या पातळीच्या लेखन-विभागाला २५ मिनिटे असतात. वाक्ये लावण्याचे १० प्रश्न बारा मिनिटांत संपवावेत, चित्रांच्या ५ वाक्यांना दहा मिनिटे द्यावीत. चित्राचे वाक्य लहान पण बिनचूक असावे. दिलेला शब्द कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवून मगच लिहावे, कारण जात चुकली की सगळे वाक्य पडते. शेवटची तीन मिनिटे तपासणीची. संगणकावर परीक्षा देणाऱ्याला पिनयिन टंकून यादीतून अक्षर निवडावे लागते आणि तिथे तीनही 'द' एकाखाली एक दिसतात. त्या तीन मिनिटांत प्रत्येक 'द' पुन्हा पाहावा : पुढे नाम असेल तर पहिला, पुढे क्रियापद असेल तर दुसरा, मागे क्रियापद आणि पुढे शेरा असेल तर तिसरा.